इंद्रवेल्लीचं पत्र : मुलाला ‘मोटिव्हेट’ करण्याआधी

‘आश्रमशाळेतल्या मुलांना शिकण्याची गोडीच नसते. त्यांना मोटिव्हेट कसं करायचं ते तिथून लिहा,’ असं शालेय समुपदेशनाची पदविका करणाऱ्या एका वाचक मुलीनं कळवलं आहे. प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून उत्तर सरळच देतो. गोडी नसते हे खरं नाही. आपण ती चुकीच्या जागी शोधतो.

इथल्या, तेलंगणातल्या इंद्रवेल्लीच्या, आठवडी बाजारात सीताफळांची टोपली घेऊन बसलेला एक मुलगा मी पाहिला. आठवीतला. शेजारच्या म्हातारीशी गोंडीत बोलत होता, आदिलाबादहून आलेल्या व्यापाऱ्याशी मराठीत घासाघीस करत होता आणि आरटीसी बसच्या कंडक्टरला तेलुगूत भाव सांगत होता. पिकलेली वेगळी, कडक वेगळी, डाग पडलेली स्वस्तात. सुट्टे पैसे देताना त्याला एकदाही बोटं मोजावी लागली नाहीत. हाच मुलगा पुढे वर्गात दिसला. फळ्यावर नफ्या-तोट्याचं उदाहरण होतं, तेलुगूत लिहिलेलं. सरांनी उठवलं, तर मान खाली. मधल्या सुट्टीत मी विचारलं, तेव्हा म्हणाला, ‘‘सार, गणित येते. शब्द येत नाही.’’

त्याच्या नोंदवहीत शेरा होता : अभ्यासात रस नाही.

महाराष्ट्रात इंद्रवेल्ली हे नाव कुणाला माहीत असलंच तर ते गोळीबारामुळे. २० एप्रिल १९८१. बाजाराचाच दिवस होता. जमिनीच्या प्रश्नावर सभेला आलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक कितीतरी जास्त सांगतात. त्या हकिकती घराघरात आजही सांगितल्या जातात. फॉर्म घेऊन दारात येणाऱ्या, वडिलांचं नाव, जमीन आणि उत्पन्न विचारणाऱ्या अनोळखी माणसासमोर इथला बाप गप्प का होतो, हे समजायला ती तारीख ठाऊक असावी लागते. आपल्याकडे त्या गप्प राहण्याला ‘पालकांची उदासीनता’ म्हणून मोकळे होतात.

नागपूर–हैदराबाद महामार्गावरून गुडीहत्नूरला वळलं की उटनूरच्या रस्त्यावर हे गाव लागतं. ‘तेलंगणा म्हणजे तेलुगू’ हा महाराष्ट्रातला समज इथे पहिल्याच दुकानात गळून पडतो. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू, उर्दू या सगळ्या एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले, बाकीचा मुलूख आंध्रात गेला. सोयरीकी दोन्हीकडे राहिल्या. शाळेची भाषा मात्र सीमारेषेप्रमाणे बदलली.

मला खरा हेवा वाटतो तो त्याआधीच्या एका गोष्टीचा. निजामाविरुद्धच्या गोंड उठावाचा नेता कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला. गोंड का उठले हे समजून घ्यायला निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवलं. ते आणि त्यांची पत्नी बेटी मारलवाई गावात झोपडी बांधून राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षण योजना सुरू झाली. हायमेनडॉर्फनी शहरातून शिक्षक आणले नाहीत. मराठी थोडंफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण निवडले आणि मारलवाईत त्यांनाच शिक्षक म्हणून तयार केलं. मुलांसाठी वाचनपाठ गोंडीत लिहून घेतले, आणि ते देवनागरीत छापले! म्हणजे आपली लिपी वापरून गोंड मूल स्वतःच्या भाषेत वाचायला शिकत होतं, तेही स्वातंत्र्याच्या आधी, निजामाच्या राज्यात. समोरचा गुरुजी त्याच्याच लोकांतला होता. पाड्यावर कुणाकडे मयत झालीय, कुणाचा बैल मेलाय, कोणाच्या पोटात दोन दिवस काही नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. समुपदेशकाचं निम्मं काम तिथेच होत होतं, त्या हुद्द्याचं नावही कुणी ऐकलेलं नसताना.

पुढे राज्य बदललं, भाषा बदलली, ती योजना विरून गेली. २००४ च्या सुमारास आंध्र सरकारनं आठ आदिवासी भाषांत प्राथमिक पुस्तकं काढली, गोंडी आणि कोलामी त्यांत होत्या. लिपी या खेपेला तेलुगू. नार्नूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची लिपी असलेली हस्तलिखितं सापडली आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. असा उत्साह इथे अधूनमधून उसळतो आणि मग बदल्यांच्या हंगामात विझतो. आदिवासी मुलांसाठीच्या तेलंगणातल्या एकलव्य निवासी शाळांत केंद्रीय भरतीतून हिंदी पट्ट्यातले शिक्षक आले, त्यांना तेलुगूही येत नाही, गोंडी तर दूरच. हे पाहून चीड येते. मारलवाई याच मुलखात आहे, हायमेनडॉर्फ दांपत्याच्या समाध्या तिथे आहेत, लोक त्यांना हार घालतात. तिथे झालेलं काम तेवढं कुणी पुढे नेत नाही.

तरी तेलंगणानं एक गोष्ट करून दाखवली, आणि ती भावी समुपदेशकांनी नीट अभ्यासावी. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची बंजारा मुलगी एव्हरेस्टवर पोहोचली. वय पुरतं १४ नव्हतं. ती शासकीय समाजकल्याण गुरुकुलात शिकत होती. आर. एस. प्रवीणकुमार हे आयपीएस अधिकारी तेव्हा या गुरुकुलांचे सचिव होते. आपल्याकडे तिची गोष्ट ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे’ म्हणून सांगितली जाते आणि मुलं टाळ्या वाजवतात. पण पूर्णाला आधी भोंगीरच्या खडकावर चढवलं होतं. तो जमला. मग दार्जिलिंग, मग थंडीतलं लडाख, मग एव्हरेस्ट. दरवेळी थोडं अवघड आणि दरवेळी जमलेलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं. ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः काही जमवल्यानं. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेलं पाहिल्यानं. दुसऱ्याच्या तोंडी प्रोत्साहनाचा जोर त्यापेक्षा कितीतरी कमी. पदविकेच्या परीक्षेत हे सगळे लिहितात. मग नोकरीला लागले की दहावीच्या मुलांपुढे प्रेरणादायी वक्ता उभा करतात.

आपलं समुपदेशन घडलं ते लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरातल्या मुलासाठी. तो हुशार आहे, त्याच्यावर अपेक्षांचं ओझं आहे, झोप नाही, निकालाची धास्ती आहे. ते काम गरजेचंच आहे. तेलंगणात २०१९ च्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, निकालातल्या गोंधळानंतर मुलांनी केलेल्या आत्महत्या देशानं पाहिल्या. पण ज्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नाही, त्या मुलाशी काय बोलायचं, याचा धडा आपल्या अभ्यासक्रमात कुठे आहे? २०१६ पासून काही वर्षं महाराष्ट्राच्या राज्य मंडळानं दहावीला कलचाचणी घेतली. कल विचारला तो प्रमाण मराठीत, पर्याय निवडायला लावून. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया मुलीला त्यातले निम्मे व्यवसाय कधी डोळ्यांनीही दिसलेले नसतात. इथेही मी मुलांनी भरलेले ‘माझे ध्येय’चे कागद पाहिले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कलेक्टर आणि पोलीस. विचारणाऱ्याला जे ऐकायचं असतं ते मुलं बरोबर ओळखतात.

पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, इंद्रवेल्लीपासून अगदी जवळ. त्याआधी गोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात, थेट कलमडुगूच्या हस्तिनमडुगूपर्यंत. त्या दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. बापाबरोबर काही टप्पे चालून आलेल्या नववीतल्या एका मुलाला मी वाटेबद्दल विचारलं. त्यानं मुक्कामाची गावं क्रमानं सांगितली, नाले कुठे ओलांडायचे ते सांगितलं, कोणत्या गावात कोणाचा मान आहे तेही सांगितलं. मग जमिनीवर काडीनं नकाशा काढला आणि मी एक ओढा चुकीच्या बाजूला समजलो तर हसून दुरुस्त केला. भूगोलाच्या शिक्षकानं तो नकाशा पाहायला हवा होता. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘अनियमित’ एवढंच आहे.

हे सगळं लिहायचं कारण महाराष्ट्रच आहे. आपल्याकडे सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत, तितक्याच अनुदानित. गडचिरोलीत हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पानं १९७६ पासून माडिया मुलांची शाळा चालवून दाखवली. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं तिला अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. ज्या गावानं स्वतःहून शाळा उभी केली, त्या गावाला शिक्षणाची गोडी लावायला आता कोण जाणार आहे?

पत्र लिहिणाऱ्या मुलीला माझं सांगणं आहे. क्षेत्रकार्यासाठी शहरातली नावाजलेली शाळा मागू नकोस, आश्रमशाळा माग. सोबत प्रश्नावली नेण्याआधी गोंडी, कोलामी, कोरकू, भिली, जी तिथली भाषा असेल ती रोज तासभर शीक. मूल बाजारात, शेतात, जत्रेत काय करतं ते आधी पाहा आणि शिक्षकाला येऊन सांग. त्याला ज्यात जमतंय तिथून वर्गातलं पहिलं उदाहरण घ्यायला लाव. आणि तुझ्या महाविद्यालयाला माझ्या वतीनं विचार : समुपदेशनाच्या पदविकेला गोंड, कोलाम, माडिया घरांतली किती मुलं-मुली घेतली आहेत? नसतील, तर पुढच्या प्रवेशाला घ्या.