विश्लेषण : सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले, तर दाद कुठे मागायची?

पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून जवान घरी येतो. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर उच्च रक्तदाब आणि ३० टक्के अपंगत्व अशी नोंद असते. पण पुढे शेरा असतो, ‘आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही’. या एका ओळीवर अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले जाते. अनेक माजी सैनिक हे पत्र अंतिम समजतात. ते तसे नसते.

न्यायालयाचा कौल काय?

अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि त्याचा सेवेशी संबंध असावा, अशा दोन अटी आहेत. वाद बहुधा दुसऱ्या अटीवरच होतो. ‘धरमवीर सिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. मंडळाला वेगळे मत द्यायचे असेल, तर कारणे नोंदवावी लागतात. नुसता शेरा पुरत नाही. अर्थात, हे गृहीतक आहे, हमी नव्हे. सबळ वैद्यकीय कारण दिलेले असेल तर दावा हरतोही. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत.

टक्केवारीने किती फरक पडतो?

‘राम अवतार’ निकालानुसार (२०१४) नियमित निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात मोजण्याचा लाभ मिळतो, म्हणजे ३० टक्के हे ५० धरले जातात. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. वेतन ४० हजार असेल, तर दरमहा ३,६०० ऐवजी ६,००० रुपये.

अपील कसे?

पहिले अपील सहा महिन्यांत, ते फेटाळल्यास दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अपिलावर सहा महिने निर्णयच झाला नाही, तरी न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याआधी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. भरतीवेळची तपासणी, रुग्णालयातील नोंदी आणि आजार सुरू झाला तेव्हाची नेमणूक, दावा यांवरच उभा राहतो. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते.

जुन्या प्रकरणांतही दाद मागता येते, मात्र थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.