तुम्ही ऐकताय ते नाट्यगीत खरंच 'ओरिजिनल' आहे का?

मागच्या महिन्यात आमच्या शिरूर अनंतपाळच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक क्लिप टाकली. खाली लिहिलेलं, 'बालगंधर्वांचा खरा आवाज, शंभर वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग'. प्ले केली तर आवाज एकदम स्वच्छ, खरखर नावाला नाही, मागचं प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतंय. ते गाणं 2011 च्या 'बालगंधर्व' सिनेमातलं होतं आणि गायक होते आनंद भाटे. या सिनेमातल्या गाण्यांसाठी भाटेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. त्यामुळं मामा फसले यात त्यांचा फार दोष नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. जो कलाकार एखादं पद रंगमंचावर पहिल्यांदा गायला, त्याच्याच आवाजात ते आज ऐकायला मिळतं का?

एका वर्षाची चुकामूक

'संगीत सौभद्र' 1882 साली रंगमंचावर आलं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकात सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. त्या काळातले सगळ्यात लाडके गायक नट. भाऊराव गेले 1901 मध्ये. आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात तबकड्या रेकॉर्ड करायला बसले 1902 च्या नोव्हेंबरमध्ये, जेव्हा गौहर जानचं गाणं रेकॉर्ड झालं. भाऊराव कसे गायचे हे आपल्याला फक्त वाचून कळतं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. ब्राम्सचा व्हायोलिन कन्चेर्तो 1879 च्या 1 जानेवारीला पहिल्यांदा वाजवला योजेफ योआखिम यांनी. ते 1903 मध्ये रेकॉर्डिंगला बसलेसुद्धा, पण छोट्या रचना वाजवून उठले. कन्चेर्तो चाळीस मिनिटांच्या आसपासचा आणि तबकडीच्या एका बाजूला जागा तीन-चार मिनिटांची. बसवणार कसा?

बालगंधर्वांच्या तबकडीत नेमकं काय आहे?

बालगंधर्व या बाबतीत नशीबवान, म्हणजे खरं तर आपण नशीबवान. 'मानापमान' (1911) मधली भामिनी, 'स्वयंवर' (1916) मधली रुक्मिणी, 'एकच प्याला' (1919) मधली सिंधू, या सगळ्या भूमिका पहिल्यांदा त्यांनीच केल्या आणि त्यातल्या कितीतरी पदांच्या तबकड्याही त्यांनीच दिल्या.

तरी तबकडी म्हणजे नाटकातलं गाणं नव्हे. थिएटरात एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे, तेच पद ते दरवेळी वेगळं रंगवायचे. तबलजी म्हणून अहमदजान थिरकवा यांच्यासारखा माणूस साथीला असायचा. स्टुडिओत सगळं तीनेक मिनिटांत आवरायचं. 1925 च्या आधी तर माईकही नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरावर सुई हलणार आणि मेणावर रेघ उमटणार. तबला-पेटीचा नाजूक भाग यात हरवून जायचा.

आणखी एक भानगड आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपण सरसकट '78 ची तबकडी' म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात रेकॉर्डिंगचा वेग नेमका 78 असेलच याची खात्री नसायची. 74 च्या वेगानं रेकॉर्ड झालेली तबकडी 78 वर वाजवली तर सूर जवळपास पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतका वर चढतो आणि आवाज बारीक होतो. 'जुने गायक किती बारीक आवाजात गायचे' ही कमेंट वाचली की मला आधी डिजिटल करणाऱ्याच्या मशिनवर संशय येतो.

पहिला एक, लक्षात राहिला दुसराच

'मानापमान'चे पहिले धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. नाटक आलं त्याच वर्षी ते वारले. आज धैर्यधराची पदं म्हटली की कानात येतात मास्टर दीनानाथ मंगेशकर, जे ती नंतर गायले. व्हायोलिनच्या जगात हुबेहूब हेच एल्गरच्या कन्चेर्तोचं झालं. 1910 मध्ये तो पहिल्यांदा वाजवला फ्रिट्झ क्रायस्लरनं, पण रेकॉर्ड कधीच केला नाही. 1932 मध्ये सोळा वर्षांच्या यहुदी मेन्युहिननं केला, समोर ऑर्केस्ट्रा चालवायला स्वतः एल्गर. लोकांना आठवतो तो मेन्युहिन.

माईक आल्यावर चित्र पालटलं. 'कुलवधू' (1942) मधल्या ज्योत्स्ना भोळे आपल्याच पदांमुळं घराघरांत पोचल्या. 'मत्स्यगंधा' (1964) मधली पदं आशालता वाबगावकरांनी मंचावरही गायली आणि रेकॉर्डवरही. हो, हिंदी सिनेमात आई म्हणून पाहिलेल्या त्याच आशालता. आणि 'कट्यार काळजात घुसली', डिसेंबर 1967. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. माझ्या मते पहिल्या कलाकाराच्या आवाजातलं सगळ्यात दमदार मराठी रेकॉर्डिंग हेच. 2015 च्या सिनेमात खाँसाहेबांसाठी त्यांचे नातू राहुल देशपांडे गायले. रील्सवर फिरतं ते बहुतेक वेळा हेच, आजोबांचं नव्हे.

म्हणून शोधताना नुसतं गाण्याचं नाव टाकू नका. नाटक, वर्ष आणि पहिल्या कलाकाराचं नाव टाका. खरखर अजिबात नसेल आणि मागं व्हायोलिनांचा ताफा वाजत असेल, तर ते 1916 च्या आसपासचं नाही, एवढं नक्की.

मामांना मी बालगंधर्वांची खरी तबकडी शोधून पाठवली. दोन मिनिटांत रिप्लाय आला, 'आवाज नीट येत नाही, चांगली क्लिप पाठव.'