बिअरची पारख : तीन पेल्यांची चाचणी

क्राफ्ट बिअरची चव माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांतून घडते. भाजलेल्या बार्लीमुळे स्टाउटला कॉफीसारखी चव येते. हॉप्समधली अल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि कडवटपणा देतात. यीस्टची करामत मात्र सर्वांत गमतीची. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, पण तिच्यात केळे नसते. तो यीस्टने बनवलेल्या आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा असतो. तिच्यातला लवंगेचा वासही यीस्टचाच.

चाखताना हलकी बिअर आधी, कडू आणि गडद नंतर घ्यावी. क्रम उलटला की हलकी बिचारी पाणचट लागते. अतिगार बिअरला वास फारसा येत नाही. एल प्रकारच्या बहुतेक बिअरना 8 ते 12 अंश सेल्सिअस मानवते.

फरक खरोखर कळतो का, हे तपासायला सोबत मित्र हवा. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीत 1940च्या दशकात वापरात आलेली पद्धत सोपी आहे: एकाने दोन पेल्यांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, दुसऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. रंग दिसू नये म्हणून पेले अपारदर्शक घ्यावेत. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून एका फेरीवर निकाल देता येत नाही.