गारा पडल्या, पैसे कुठे पडले?

मराठवाड्यात 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा मी तालुक्याच्या एका गावी बँकेत शाखाधिकारी होतो. काढणीला आलेला गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे चिखलात गेले. पंचनामे झाले आणि काही आठवड्यांनी तहसिलातून मदतीच्या याद्या आमच्या टेबलावर येऊन पडल्या.

अशी यादी वाचणे हे एक शास्त्रच आहे. सातबाऱ्यावर ज्ञानोबा, पासबुकावर ज्ञानदेव. माणूस एकच, पण रक्कम परत. जमीन तीन भावांच्या नावे सामाईक असली, तर दोघांचे संमतीपत्र हवे. त्यांतला एक पुण्याला आणि दुसऱ्याशी बोलणे बंद. बटईने कसणाऱ्याचे नाव तर कुठल्याच कागदावर नसते. बियाणे त्याचे, घाम त्याचा, मदत मात्र सातबाऱ्याला.

त्या गर्दीत एक म्हातारी तिसऱ्यांदा आली होती. यादीत तिचे नाव होते, खात्यावर पैसेही जमा होते. पण पीककर्ज थकलेले, म्हणून खात्यावर 'होल्ड' लावलेला. तो मीच लावला होता. मार्चअखेरची वसुली डोक्यावर होती, वरून तोंडी तंबी होती. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये, असे सरकारी आदेशात स्पष्ट लिहिलेले असते. तो कागद मी वाचलाच नव्हता, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. वाचला होता.

"आजी, कर्ज थकलंय ना," मी म्हणालो.

"सायेब, गारा माह्या हरभऱ्यावर पडल्या. मंग पैसे कुठं पडले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच ठावठिकाणा हवा होता.

आज हे आठवण्याचे कारण 2025 चा सप्टेंबर. मराठवाड्यात आणि सीनेच्या काठी शिवारे पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी माती खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. बँकेतल्या माणसाला कोटी वाचले की भागाकार करायची खोड असते. त्या वेळच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये; म्हणजे गुंठ्याला 85. तेही नुकसान 33 टक्क्यांवर गेले तर. (2015 पूर्वी ही अट 50 टक्के होती, एवढी सुधारणा मान्य करायला हवी.) बागायतीला 17,000. मर्यादा दोन हेक्टरची, ती त्या वेळी तीनवर नेली.

पैसे आता थेट खात्यात जातात. यादीत नाव आले की शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात जायचे, आधारसाठी अंगठा द्यायचा. मधले हात कमी झाले, हे चांगलेच. पण आयुष्यभर माती उपसलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. जुन्या ओळखीचा एक शेतकरी परवा फोनवर म्हणाला, "साहेब, अंगठा चार वेळा धुतला." त्याचे सोयाबीन सहा दिवस पाण्यात होते. ज्ञानोबा-ज्ञानदेवाचा घोळही संपलेला नाही. आता तो सातबारा आणि आधार यांच्यात आहे.

त्या दुपारी म्हातारी निघून गेल्यावर मी होल्ड काढला. दोन कळा दाबायच्या होत्या, एवढेच. वसुलीच्या आढाव्यात त्यावरून बोलणी खाल्ली. ती तिच्या तीन फेऱ्यांच्या एसटी भाड्यापेक्षा स्वस्त पडली.

निरोप पाठवला होता. ती पुढच्या बाजाराच्या दिवशी आली. खिडकीशी उभी राहून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि त्यातली शंभराची एक नोट बदलून मागितली. कडेला फाटली होती.