लग्नघरची फर्माईश

दुकानात गिऱ्हाइकाने मागितलेला माल आपल्याकडे नसला तर आपण त्याला दार दाखवत नाही. जवळचा दुसरा तागा उलगडतो. लग्नघरी पेटी घेऊन बसलो की आम्हाला हीच दुकानदारी कामी येते. आम्ही कापडवाले, गाणे-बजावणे ही आमची हौस. मेहंदीच्या रात्री किंवा वलीम्याला ओळखीच्या घरी चार मित्र मिळून बसतो. ज्या घरी वाद्य चालत नाही तिथे पेटी नेतच नाही. जेवतो, दुआ देतो आणि परत येतो.

फर्माईश सांभाळणे म्हणजे आधी हिशेब. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या मांडवात रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही. ८ ला बसलो तर हातात १२० मिनिटे. एका गाण्याला ७ मिनिटे धरली तर १७ गाणी होतात, आणि चिठ्ठ्या येतात तीस-चाळीस. हे यजमानांना आधीच सांगावे. त्यांची चार-पाच गाणी लिहून घ्यावी आणि बाकी चिठ्ठ्या त्यांच्याच घरच्या एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती द्याव्या. मग ‘माझे गाणे का नाही घेतले?’ ही तकरार वाजवणाऱ्यावर येत नाही. कोणी पेटीवर नोट ठेवून तेच गाणे तिसऱ्यांदा मागतो. नोट कोणाचीही असो, मैफल यजमानांची आहे.

बसलेले नसेल ते गाणे अर्धेमुर्धे वाजवू नये. ‘मेरे महबूब’चे (१९६३) मागितले आणि तयारी नसेल तर ‘चौदहवीं का चाँद’चे (१९६०) द्यावे. आवाज रफींचाच, शब्द शकील बदायुनींचेच. मागणारा सहसा राजी होतो. काही चिठ्ठ्या नाव बघून येतात. ‘निकाह’ (१९८२) नावाने शादीचा, पण कथा तलाकची! सलमा आगांची ती दर्दभरी गाणी दुल्हनसमोर कशी वाजवावी? तसेच ‘नीलकमल’मधले (१९६८) रफींचे बिदाईचे गाणे. ते कोणी जेवणाआधीच मागतो. बाप मेहमानांची सरबराई करत असतो, त्याला तेव्हाच रडवायचे? आम्ही म्हणतो, “भाईजान, रुखसतीला नक्की.”

मेहमानांपैकी कोणी स्वतः गाणार असेल तर आधी पट्टी विचारावी. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातो, बाई काळी चारच्या. पेटीवर पट्टी बदलणे सोपे, पण काळी एकला मिळवलेला तबला काळी चारपर्यंत चढत नाही, दुसरा लागतो.

आता पोटाची बाब. लग्नसराईच्या कमाईवर बँजो पार्टीवाले आणि कव्वाल वर्ष काढतात. आम्ही बिदागी घेत नाही म्हणून काही यजमान त्यांना टाळून आम्हाला बोलावू पाहतात. शेजाऱ्याने फुकट माल मांडला तर आपल्या दुकानाचे काय होते, हे कापडबाजारात कोणाला सांगायला नको. म्हणून मोठ्या शादीत आम्ही साफ सांगतो: पार्टी ठरवा, तिला बयाना द्या, मग अर्धा तास आमचा. त्या अर्ध्या तासातला नजराणाही पार्टीच्या थाळीत जातो. आणि घरगुती बैठकीत आमच्याबरोबर बसणारा तबलजी हौशी नाही. त्याची बिदागी यजमानांकडून आधीच ठरवून घेतो.