आराखडा अंदाजपत्रकात उतरायला हवा

13 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेने शहराचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. देशाचे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट 2070 सालचे, तर मुंबईने 2050 साल ठरवले. एवढा मोठा शब्द पाळायचा, तर महापालिकेने नेमके करायचे काय?

पहिले काम हिशेबाचे. 2019 मध्ये मुंबईतून सुमारे 2.34 कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू बाहेर पडले. त्यातला 70 टक्क्यांहून अधिक वाटा घरे, कार्यालये, दुकाने आणि कारखान्यांतल्या वीज-इंधनाचा, सुमारे 20 टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. शहराची वीज मुख्यतः कोळशावर तयार होते. हा ताळेबंद नसता, तर सगळी चर्चा झाडे लावण्यापाशीच थांबली असती. झाडे हवीतच, पण मुंबईच्या उत्सर्जनाचे मूळ इमारतींत आहे.

‘इक्ली’ या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागतिक संघटनेने 1993 पासून शहरांना पाच पायऱ्या शिकवल्या: मोजणी, उद्दिष्ट, आराखडा, अंमलबजावणी आणि पुन्हा मोजणी. बहुतेक ठिकाणी गाडी तिसऱ्या पायरीवर अडते.

लहान नगरपरिषदेला सुरुवात पंपगृहापासून करता येते. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला किमान 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून 75 टक्के कार्यक्षम असतील तर 0.36 युनिट, आणि झिजून 50 टक्क्यांवर आले असतील तर 0.54 युनिट. पाणी तेवढेच, वीज दीडपट! व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून प्रवाह आवरला जात असेल, तर तिथेही वीज वाया जाते. वाटेत गळणाऱ्या प्रत्येक लिटरमागे आधीच वीज खर्च झालेली असते. थकलेल्या बिलापायी गावाच्या पाणीपुरवठ्याची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचतो. ऊर्जा-लेखापरीक्षण म्हणूनच चैन नव्हे, ती गावाची गरज आहे.

पालिकेचा स्वतःचा वीजवापर शहराच्या एकूण वापरात थोडाच असतो, पण तिच्या अधिकारांची पोच मोठी आहे. बांधकाम परवानगी देताना उन्हापासून आडोसा, हवा खेळती ठेवणारी रचना आणि छतावरची सौरऊर्जा यांचा आग्रह तिला धरता येतो. ओला कचरा वेगळा काढून त्याचे खत किंवा बायोगॅस केला, तर कचराभूमीतला मिथेन घटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक तापदायक आहे. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही 2020 पासून पंचतत्त्वांच्या निकषांवर शहरांना आणि गावांना गुण मिळतात. त्यात ‘अग्नी’ म्हणजे ऊर्जा.

मुंबईने 2024 मध्ये हवामान अंदाजपत्रकाचा अहवाल काढला. कोणत्या विभागाची कोणती तरतूद हवामानाच्या कामी येते, हे त्यात मांडले आहे. मला हे पाऊल आराखड्याइतकेच मोलाचे वाटते. ज्या कामापुढे रक्कम, मुदत आणि जबाबदार अधिकारी लिहिलेला नाही, ते काम होत नाही.

म्हणून आपल्या नगरसेवकाला नेमके प्रश्न विचारूया. हजार लिटर पाण्यामागे गेल्या वर्षी किती युनिट वीज लागली? यंदा ती किती कमी करणार? त्यासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद आहे? याची उत्तरे दरवर्षी सभागृहात द्यावी लागली, तर पाचवी पायरी कोणालाही टाळता येणार नाही.