विमानाचे दार आणि वीतभर पट्टा

स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना नायलॉनच्या एका साध्या पट्ट्याचे एवढे कौतुक का?

दोन-दोन हजार तास खपून, हजारो रिव्हेट ठोकून एखादा गृहस्थ चार माणसांचे विमान उभे करतो. इंजिन धडधडू लागते, रंग चढतो, सरकारी तपासणीही पार पडते. मग एके दिवशी पत्नी पहिल्यांदाच शेजारच्या आसनावर बसते, पट्टा आवळते आणि विचारते, ''आता हे दार कसं लावायचं?'' दार डोक्याच्याही वर गेलेले असते आणि बसल्या जागेवरून तिचा हात तिथवर पोहोचत नाही!

हा प्रसंग कोण्या एकाच घरातला नाही. अमेरिकेत घरी विमान बांधण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिन राज्यात अशा हौशी लोकांची संघटना सुरू केली. तिचा मेळा दर जुलैत ऑशकॉश या गावी भरतो आणि आकाशातून विमानांची रीघ लागते. विमान बांधणारे हे लोक काही सगळेच इंजिनियर नसतात. त्यांत दंतवैद्य असतात, शिक्षक असतात, निवृत्त पोस्टमनही असतात. बहुतेक जण कंपनीकडून सुट्या भागांचा संच मागवतात आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी तो जोडत बसतात. ऑरेगन राज्यातील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' ही अशा संचांची सर्वांत नावाजलेली कंपनी. तिच्या संचांतून बनलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

याच कंपनीचे 'आरव्ही-१०' हे चार आसनी विमान २००३ मध्ये प्रथम उडाले. ताशी सुमारे ३२० किलोमीटर वेग आणि आत आई-वडील व दोन मुले आरामात बसतील एवढी जागा. संसारी माणसाला याहून अधिक काय हवे? मात्र त्याची दारे मोटारीसारखी बाजूला उघडत नाहीत. त्यांच्या बिजागऱ्या छताला असतात, त्यामुळे ती पक्ष्याने पंख उचलावेत तशी वर उघडतात. मोटारीच्या डिकीचे झाकण जसे गॅसच्या दांडीवर उभे राहते, तसेच हेही. दिसायला झोकदार, चढा-उतरायला सोयीचे. फक्त आत बसल्यावर ते खाली ओढून घेणे ही एक कसरतच!

मूठ फिरली, पण दार लागले का?

हात न पोहोचणे ही गैरसोय झाली. खरा धोका पुढेच आहे.

दाराच्या आतल्या बाजूला एक मूठ असते. ती फिरवली की दाराच्या पुढच्या आणि मागच्या कडेतून धातूची एकेक खुंटी बाहेर सरकते आणि चौकटीतल्या भोकात शिरते. व्यवस्था साधी आहे. पण दार फायबरग्लासचे, म्हणजे थोडे लवचीक. त्यात पाऊस-वारा आत येऊ नये म्हणून कडेने रबराची जाड पट्टी लावलेली. ती दाराला सतत बाहेर ढकलत असते. परिणामी दाराचा खालचा मागचा कोपरा कधी कधी थोडासा बाहेरच राहतो. अशा वेळी मूठ फिरवली तर पुढची खुंटी भोकात जाते आणि मागची भोकाच्या बाहेरून सरकते. मूठ मात्र पूर्ण फिरलेली! आत बसलेल्याला वाटते, दार लागले.

जमिनीवर हे लक्षात येत नाही. विमानाने वेग घेतला, की केबिनच्या फुगीर पाठीवरून धावणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि दार बाहेर ओढले जाऊ लागते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. अर्धवट लागलेले दार तिच्यापुढे टिकत नाही. 'आरव्ही-१०'ची दारे अशा रीतीने हवेत उघडून निखळून पडल्याच्या घटना घडल्या आहेत. निखळलेले दार मागे जाऊन शेपटीवर आदळले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे कंपनीने दाराच्या मधोमध बसवायची एक जादा कडी दिली. खुंट्या जागेवर आहेत की नाहीत हे दाखवणारे छोटे दिवेही असतात.

मूठ फसवते, हा धडा विमानजगताला फार महागात मिळालेला आहे. ३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे प्रचंड विमान पॅरिसजवळच्या एर्मेननव्हिलच्या जंगलात कोसळले आणि ३४६ माणसे गेली. सामानाच्या कप्प्याचे दार बाहेरून बंद दिसत होते, त्याची मूठही बसली होती. आतल्या कड्या मात्र पुरत्या अडकल्या नव्हत्या. उंचीवर दार उडाले, प्रवाशांच्या पायांखालची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या. चार माणसांच्या विमानाची त्या विमानाशी तुलना नको, पण चूक एकाच जातीची.

हाताला आधार

म्हणूनच विमान बांधणारे दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या मागच्या कोपऱ्याजवळ एक पट्टा बसवतात. मोटारीच्या सीटबेल्टला वापरतात तशी, इंचभर रुंदीची नायलॉनची पट्टी यासाठी पुरते. हौशी लोक चामड्याचा शिवून घेतात. एका हाताने पट्टा धरून दार खाली आणायचे, आत घट्ट ओढून धरायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवायची. नेमका जो कोपरा बाहेर राहतो, तोच आत खेचला जातो. काम एवढेच.

एवढ्याशा कामातही खाचाखोचा आहेत. दाराचे कवच पातळ असते. त्यात नुसता स्क्रू पिळला, तर दहा-वीस वेळा ओढल्यावर तो कवचासकट हातात येईल. म्हणून आतून ॲल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवून तिच्यात स्क्रू बसवतात आणि वर रुंद वॉशर घालतात. नायलॉनला ड्रिलने भोक पाडले तर धागे सुटतात, त्यापेक्षा तापलेल्या खिळ्याने पाडलेले बरे. कडा वितळून आपोआप बंद होतात. पट्टीची टोकेही ज्योतीवर धरून अशीच पक्की करतात. घरात नाडीचे टोक मेणबत्तीवर धरणाऱ्या गृहिणीला हे सांगायला नको.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लांबी. पट्टा आखूड झाला तर हात पोहोचत नाही. लांब झाला तर दार लावताना तोच कडेत सापडतो, रबर नीट बसू देत नाही आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच बिघडते. बाहेर राहिलेले टोक उडताना विमानाच्या अंगावर फटफट आपटत राहते ते वेगळेच. घरात जो सर्वांत ठेंगणा आहे त्याला आसनावर बसवून माप घ्यावे, हे उत्तम. वैमानिकाच्या मापाने पट्टा कापण्यात अर्थ नाही. डावे दार तो स्वतः लावतो. उजवे लावायचे असते पत्नीला, मुलीला नाही तर सासूबाईंना, आणि दाराचा तो दूरचा कोपरा वैमानिकाला आपल्या जागेवरून धड दिसतही नाही.

अशी सुधारणा करायला कोणाची परवानगी लागते? अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा छंद म्हणून केलेले असावे लागते. मग त्यावर 'एक्सपेरिमेंटल' असे ठळक अक्षरांत लिहितात आणि हे विमान नेहमीच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बांधलेले नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी आत लावतात. मोठा बदल केला तर सरकारला कळवून नव्याने चाचणी-उड्डाणे करावी लागतात. पट्ट्यासारख्या किरकोळ कामाची नोंद वहीत केली की पुरे. स्वातंत्र्य मोठे, तशी जबाबदारीही ज्याची त्याची.

आपल्याकडे हा छंद अजून विरळाच. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडले आणि बऱ्याच कागदी लढाईनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मूळच्या केरळच्या एका इंजिनियरने तर टाळेबंदीत संच मागवून विमान जोडले आणि ते घेऊन युरोपात भ्रमंती केली. २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत त्याचे फोटो झळकले. त्या 'स्लिंग' विमानाची दारेही अशीच वर उघडणारी आहेत.

पट्टा म्हणजे कुलूप नव्हे, हे मात्र विसरून चालत नाही. मूठ फिरवल्यावर खुंट्या भोकात गेल्या का ते डोळ्यांनी पाहायचे, कोपर टेकवून दार बाहेर ढकलून बघायचे आणि दोन्ही दिवे विझल्याशिवाय धावपट्टीकडे निघायचे नाही. शेजारी नवखा प्रवासी असेल तर विमानतळावरच्या मित्राला बाहेरून उजवे दार तपासायला सांगावे, त्यात कमीपणा कसला? आणि एवढे करूनही दार हवेत उघडलेच तर? ते ओढून लावण्याच्या भानगडीत पडायचे नाही. आवाज कानठळ्या बसवणारा असतो, कागद उडतात, मागे मुले घाबरतात. अशा गोंधळात दाराशी झटापट करताना विमानाकडेच दुर्लक्ष होते आणि अपघात त्यातून होतात. विमान सरळ ठेवायचे, वेग उतरवायचा आणि सावकाश वळून जवळच्या धावपट्टीवर उतरायचे.

नायलॉन उन्हात हळूहळू कमकुवत होते. तेव्हा वर्षातून एकदा विमानाची तपासणी होते, त्याच वेळी पट्टा हाताने ताणून पाहावा आणि धागे पांढुरके, खरखरीत झाले असतील तर बदलून टाकावा.